जुलमी, हुकूमशहा, सुलतानी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'जुलमी' हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, तरी त्याच्याबद्दलचे प्रश्न थांबत नाहीत. भाषांतर करणारे विचारतात, मुलांचा निबंध तपासणारे पालक विचारतात, आणि बातमी छापायला जाण्याआधी शब्दावर अडलेले उपसंपादक विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, पेचाचे पुढे येतील. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. जुलमी म्हणजे नेमकं कोण?

हातात सत्ता आहे आणि ती वापरून जो लोकांना अन्यायाने पिडतो, तो जुलमी. सत्ता हवी, अन्याय हवा, आणि सोसणाऱ्याला पळायला जागा नको. यातलं एक जरी नसलं तरी दुसरा शब्द शोधावा. वाघ क्रूर म्हणता येतो, जुलमी म्हणता येत नाही. वाटेत गाठून लुटणारा दरोडेखोरही क्रूरच. पण तोच दरोडेखोर गावावर अंमल बसवून दर सुगीला धान्याचा वाटा उचलू लागला, की त्याला जुलमी म्हणायची वेळ येते. आता तो परका उरला नाही, गावाचा धनी झाला आहे.

व्याकरणापुरतं एवढंच: 'जुलूम' हे नाम, 'जुलमी' हे विशेषण. जुलूम कुणा'वर' होतो. 'रयतेवर जुलूम केला' बरोबर, 'रयतेला जुलूम केला' चूक.

२. हा शब्द मराठीत आला कुठून?

मूळ अरबी 'जुल्म', फारसीच्या हाताने आपल्याकडे आला. मराठी जिभेला शेवटचं जोडाक्षर जड जातं, म्हणून आपण मध्ये स्वर घातला. 'हुक्म'चा हुकूम झाला, 'मुल्क'चा मुलूख झाला, तसाच 'जुल्म'चा जुलूम.

अरबी कोशकारांनी या शब्दाची केलेली एक व्याख्या मला फार आवडते: एखादी गोष्ट तिच्या जागी न ठेवता भलत्या जागी ठेवणं. राज्यकर्त्याला लावून पाहा. रखवालीसाठी दिलेली काठी राखणदाराने घरच्याच माणसांच्या पाठीवर घातली. काठी तीच, हात तोच, फक्त जागा चुकली. मारहाण आणि जुलूम यांतला फरक मला या व्याख्येने जितका स्पष्ट झाला तितका दुसऱ्या कशाने झाला नाही.

३. मग 'जालीम' आणि 'जुलमी' एकच का?

मुळात एकाच धातूचे. अरबीत 'जालिम' म्हणजे जुलूम करणारा, आणि हिंदी-उर्दूत तो अर्थ आजही ताजा आहे. मराठीत मात्र जालीम वेगळ्या वाटेने गेला. आपल्याकडे औषध जालीम असतं, विष जालीम असतं, उपाय जालीम असतो. अर्थ उरला तो 'तीव्र, हमखास लागू पडणारा' एवढा. त्यामुळे 'जालीम राजा' असं लिहिलं की मराठी वाचक क्षणभर अडखळतो. हिंदीतून भाषांतर करताना ही चूक सर्रास होते. तिथे 'जुलमी राजा' लिहावं.

४. जुलमी आणि हुकूमशहा यांत फरक काय?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर नीट ध्यानात आलं तर पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

'हुकूमशहा' हा शब्द सत्ता कशी धरली आहे ते सांगतो. एकाच्या हाती सगळी सूत्रं, त्याचा शब्द हाच कायदा, त्याला विचारणारं आणि हटवणारं कुणी नाही. 'जुलमी' हा शब्द सत्ता कशी वापरली जाते ते सांगतो. म्हणजे एक शब्द खुर्चीबद्दल आहे आणि दुसरा वागणुकीबद्दल.

म्हणून वंशपरंपरेने गादीवर आलेला राजा जुलमी असू शकतो, पण त्याला हुकूमशहा म्हणणं बेंगरूळ वाटतं. हुकूमशहा हा आधुनिक राजकारणाचा शब्द आहे. जिथे सत्तेला मर्यादा असायला हवी असं मानलं जातं आणि ती मर्यादा कुणीतरी मोडलेली असते, तिथेच तो शोभतो. चौदाव्या शतकातल्या सुलतानाला हुकूमशहा म्हणण्यापेक्षा 'अनियंत्रित सत्ताधीश' म्हणावं. उलट एखाद्या लहान अधिकाऱ्याच्या हाती राज्य नसलं तरी त्याच्या टेबलापुरता तो जुलमी असू शकतो (प्रश्न १४ पाहा).

व्यवहारात बहुतेक हुकूमशहा जुलमी होतात, म्हणून हे शब्द एकमेकांच्या जागी वापरायची सवय लागली आहे. ती सवय सोडावी असं मला मनापासून वाटतं. जुलूम थांबला तरी हुकूमशाही तशीच असू शकते, आणि दोन्हीला एकच नाव दिलं तर ही दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही.

५. इंग्रजीतल्या 'टायरंट' आणि 'डिक्टेटर'ला कोणते मराठी शब्द वापरावेत?

आजच्या मजकुरात टायरंटला 'जुलमी सत्ताधीश' आणि डिक्टेटरला 'हुकूमशहा'. प्राचीन इतिहासाच्या मजकुरात मात्र थांबून पाहावं लागतं.

जुन्या ग्रीसमध्ये 'तिरान्नोस' म्हणजे रूढ वारसाहक्काशिवाय सत्ता बळकावणारा. तो वाईटच असेल असं नव्हतं. इसवीसनापूर्वी सहाव्या शतकात अथेन्सवर राज्य करणारा पिसिस्ट्रॅटस हा असाच तिरान्नोस होता, आणि त्याचा कारभार सौम्य होता असं नंतरच्या ग्रीकांनीच लिहून ठेवलं आहे. त्याला 'जुलमी' म्हटलं तर इतिहासाचा विपर्यास होतो. 'सत्ता बळकावलेला शासक' हे लांबलचक आहे, पण खरं आहे. राजा स्वतःच्या हितासाठी राज्य करू लागला की राजसत्ता बिघडून टायरनी होते, ही मांडणी नंतर अ‍ॅरिस्टॉटलने पक्की केली, आणि आजचा वाईट अर्थ रुळला.

रोममध्ये डिक्टेटर हे कायदेशीर पद होतं. संकटकाळी एकाला जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी सर्वाधिकार द्यायचे. इसवीसनपूर्व ४५८मध्ये सिन्सिनाटस शेतावरून उठून आला, शत्रूला हरवलं आणि सोळाव्या दिवशी पद सोडून परत गेला, अशी तिथली परंपरा सांगते. पुढे सुल्लाने मुदत काढून टाकली, आणि इसवीसनपूर्व ४४मध्ये ज्युलियस सीझर तहहयात डिक्टेटर झाला. त्याच वर्षी त्याचा खून झाला आणि ते पदही रद्द झालं. सिन्सिनाटसबद्दल लिहिताना 'सर्वाधिकारी' म्हणावं. हुकूमशहा त्याला शोभत नाही.

एक गंमतीची जुळणी: लॅटिन डिक्टेटरच्या मुळाशी 'सांगणं, फर्मावणं' ही क्रिया आहे. आपल्या शब्दातही हुकूमच आहे.

६. 'हुकूमशहा' कसं लिहायचं? अनेकवचन काय? बाई असेल तर?

व्यक्तीसाठी हुकूमशहा, पद्धतीसाठी हुकूमशाही. 'हुकुमशहा' असं ह्रस्व 'कु' घालून लिहू नये. अनेकवचनात रूप बदलत नाही: एक हुकूमशहा, चार हुकूमशहा. प्रत्यय लागला की मात्र अनुस्वार दिसतो: हुकूमशहाने, हुकूमशहांनी.

वेगळं स्त्रीलिंगी रूप मराठीत रुळलेलं नाही. 'ती हुकूमशहा होती' असंच लिहावं. 'हुकूमशहीण' वगैरे घडवायच्या भानगडीत पडू नये.

७. 'तानाशाह', 'तानाशाही' मराठीत चालतील का?

हिंदीत चालतात, मराठीत गरज नाही. हुकूमशाही हा शब्द घट्ट रुजलेला असताना दुसरा आणायचा कशाला?

पण या शब्दामागचा माणूस सांगण्यासारखा आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन याला 'तानाशाह' म्हणत, आणि हिंदी शब्द त्याच्या नावाशी जोडला जातो. १६७७मध्ये दक्षिण मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचं हैदराबादेत स्वागत करणारा तो हाच. १६८७मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि त्याला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. चिनी महाल म्हणून जी इमारत तिथे दाखवतात, तिच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडेसे तुकडे अजून शिल्लक आहेत. हा माणूस उरलेलं आयुष्य तिथे कैदी म्हणून जगला आणि कैदेतच मेला. जुलमी म्हणून त्याची ख्याती कधीच नव्हती. त्याचं नाव जुलमाच्या शब्दाला चिकटावं याचं मला वाईट वाटतं.

८. दडपशाही, ठोकशाही, झोटिंगशाही, झुंडशाही, बेबंदशाही: हे सगळे एकच का?

नाही, आणि हीच मराठीची श्रीमंती आहे. 'शाही' हा प्रत्यय आपण आदिलशाही-निजामशाहीतून उचलला आणि त्याला हवे ते शब्द जोडले.

दडपशाहीत बोलणाऱ्याला गप्प केलं जातं. सभाबंदी, अटका, छापखान्याला टाळं. तिच्या शेजारचे शब्द 'मुस्कटदाबी' आणि 'गळचेपी', दोन्ही अंगाला जाणवणारे. ठोकशाही हा 'लोकशाही'शी यमक साधून घडलेला शब्द, त्यात हाणामारी उघड आहे. झोटिंग हे एक भूत, मानगुटीवर बसलं की उतरत नाही. त्यामुळे कायदा, रीत, लाज काहीच न जुमानता केलेली दंडेली म्हणजे झोटिंगशाही. राज्य नसलं तरी चालतं, एखाद्या संस्थेच्या कारभारातही झोटिंगशाही असू शकते. झुंडशाहीत एक माणूस नसतो, जमाव असतो.

बेबंदशाही मात्र या ओळीत बसत नाही. तिथे कुणाचाच बंद कुणावर नाही. जुलमी राजवटीत हुकूम फार असतात, बेबंदशाहीत हुकूम ऐकणारं कुणी नसतं. 'हुकूमशहाची बेबंदशाही' हा वृत्तपत्री शब्दप्रयोग म्हणून अर्थाला सोडून आहे.

९. 'अस्मानी-सुलतानी' आणि 'मोगलाई' यांचा अर्थ काय?

अस्मान म्हणजे आकाश. आभाळाने आणलेलं संकट अस्मानी: दुष्काळ, अतिवृष्टी, गारपीट. राज्यकर्त्याने आणलेलं सुलतानी. दोन्ही एकदम आली की शेतकरी म्हणतो, राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं, तर दाद कुणाकडे मागायची? या जोडशब्दात सरकारला पावसाच्या रांगेत बसवलं आहे. दोघांपुढेही इलाज चालत नाही.

'सुलतान' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ फक्त 'सत्ता, अधिकार' असा होता. सुलतानीला आलेला कडवटपणा इथल्या अनुभवातला आहे. 'अस्मानी सुलतानी' हा शब्द आज धर्माशी जोडून वापरू नये. सारा वसुलीचा तगादा कुणाच्याही राज्यात झाला तरी तो सुलतानीच.

'मोगलाई'चे दोन अर्थ आहेत. एक भूगोलाचा: पुणे-सातारकडची जुनी माणसं निजामाच्या मुलखाला, म्हणजे मराठवाड्याला, मोगलाई म्हणत, कारण निजामाचं घराणं मोगलांच्या सुभेदारीतून आलेलं. दुसरा रागाचा: 'ही काय मोगलाई लागून गेली आहे?' म्हणजे इथे कुणी विचारणारं नाही असं वाटतं का? या दुसऱ्या अर्थाने मोगलाई ही जुलमापेक्षा बेबंदशाहीच्या जवळ जाते (प्रश्न ८).

१०. 'तुघलकी' म्हणजे जुलमी ना?

नेमकं नाही. तुघलकी म्हणजे लहरी, अंमलबजावणीचा विचार न करता एका फटक्यात घेतलेला. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि पुढे लोकांना परत दिल्लीला जायला लावलं. तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावाने चालवायचा हुकूम काढला, तोही अंगलट आला, कारण तशी नाणी घरोघर पाडता येऊ लागली. निर्णय तुघलकी असतो, माणूस जुलमी असतो. तुघलकी निर्णयाने माणसं भरडली जातात हे खरं, पण तिथे हेतूपेक्षा बेफिकिरी जास्त असते.

११. 'रझाकार' शब्दाचा अर्थ जुलमी असा आहे का?

कोशात नाही. रझाकार म्हणजे स्वयंसेवक, आपखुशीने काम करणारा. पण मराठवाड्यात तो अर्थ कुणाच्या मनात येत नाही. कासिम रझवीच्या रझाकारांनी १९४७-४८मध्ये निजामाच्या राज्यात जी जाळपोळ आणि मारहाण केली, ती १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान शरण आल्यावरच थांबली. तेव्हापासून 'रझाकारी' म्हटलं की तिथल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज बदलतो. इतर देशांतल्या बातम्यांत हा शब्द आला तर तिथला अर्थ तपासून घ्यावा.

१२. जुन्या मराठी कागदांत जुलमाऐवजी 'आजार' आणि 'बलात्कार' असे शब्द का दिसतात?

कारण त्यांचे अर्थ तेव्हा वेगळे होते. फारसी 'आजार' म्हणजे त्रास, उपद्रव. शिवकाळातल्या पत्रात 'रयतेस आजार देणे' म्हणजे लोकांना पिडणं. रोग हा अर्थ नंतर घट्ट झाला.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांचं १६७०च्या दशकातलं, चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र. पावसाळ्यासाठी घोडी छावणीला आहेत, दाणा-वैरण साठवून दिली आहे. ती आताच बेताने वापरा, म्हणतात, नाहीतर संपल्यावर तुम्ही कुणब्याचं धान्य, कुणाची भाकर, कुणाचं गवत, कुणाची भाजी ओढून आणाल. मग लोक म्हणतील की मोगल मुलखात आले त्याहूनही तुम्ही वाईट. रयतेला काडीचाही आजार द्यायची गरज नाही, जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत आणा.

त्याच पत्रात रात्रीच्या दिव्याचीही काळजी आहे. पेटता दिवा तसाच ठेवून झोपाल, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, घोडी मरतील. जुलूम कुठे सुरू होतो हे या पत्रात मला दिसतं. तो तलवारीपाशी सुरू होत नाही, संपलेल्या दाण्याच्या कणगीपाशी सुरू होतो.

'बलात्कार'चंही तसंच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल सांगितलं आहे. आंबा-फणसासारखी झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार उरत नाही. जुनं झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, किंमत देऊन न्यावं, 'बलात्कार सर्वथा न करावा'. इथे बलात्कार म्हणजे सत्तेच्या जोरावर केलेली जबरदस्ती. आजच्या वाचकासाठी असा उतारा देताना हा अर्थ तिथल्या तिथे सांगावा, नाहीतर भलताच गोंधळ होतो.

१३. अत्याचारी, आततायी, निरंकुश: हे संस्कृत शब्द कधी वापरायचे?

'अत्याचार' म्हणजे आचाराची मर्यादा ओलांडणं. आज हा शब्द फार करून शारीरिक आणि लैंगिक हिंसेसाठी वापरला जातो, शिवाय १९८९च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यामुळे त्याला कायद्याचा अर्थ आला आहे. राज्यकर्त्याबद्दल सैलपणे बोलताना जुलूम वापरावा, अत्याचार राखून ठेवावा.

'आततायी' म्हणजे मुळात धनुष्य ताणून अंगावर आलेला. स्मृतींत सहा आततायी सांगितले आहेत, त्यात आग लावणारा आणि विष घालणारा येतात. मराठीत आता 'आततायीपणा' म्हणजे अविचारी उतावीळपणा. राजाबद्दल वापरला तर वाचकाला तो तापट वाटेल, जुलमी वाटणार नाही.

'निरंकुश' म्हणजे अंकुश नसलेला हत्ती. निरंकुश सत्ता वाईट, पण 'निरंकुशाः कवयः' या संस्कृत वचनात तीच गोष्ट कवींना मोकळीक म्हणून दिली आहे. शब्द फक्त अंकुश नाही एवढं सांगतो, हत्ती काय करतो ते सांगत नाही.

आणि 'एकहाती सत्ता' हे निवडणुकीच्या बातम्यांतलं काहीच वाईट नाही. एका पक्षाला दुसऱ्याची मदत लागली नाही, इतकंच.

१४. राजा नसलेल्या माणसाला जुलमी म्हणता येतं का?

येतं. सुटकेची वाट बंद असली म्हणजे झालं (प्रश्न १). १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवी होती ती कर्जरोख्यांची कागदपत्रं, आणि ती मिळाली की ते जाळत. सावकाराकडे फौज नव्हती, कागद होता आणि कागदामागे कोर्ट होतं. त्याला जुलूम म्हणायला मला जराही अडचण वाटत नाही.

पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास हाही राजा नव्हता. १७९१मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेली माणसं गुदमरून मेली आणि संतापलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. वरच्याने डोळे मिटले की खालचा किती माजतो याचं हे पुण्याला न विसरता येणारं उदाहरण आहे.

घरातल्या त्रासाला मात्र वेगळे शब्द आहेत. सासूचा 'जाच' असतो, तो रोजचा आणि बारीक. 'छळ' त्याहून कठोर. संस्कृतात छल म्हणजे कपट, मराठीत यातना. 'सासूचा जुलूम' म्हणता येतं, पण कानाला जाच जास्त खरा लागतो.

१५. लोकांनी निवडून दिलेल्या नेत्याला हुकूमशहा म्हणता येईल का?

येईल, पण निवडून आला म्हणून नव्हे आणि तुम्हाला आवडत नाही म्हणूनही नव्हे. तपासायचं ते हे: त्याला हटवायचे रस्ते उघडे आहेत का? न्यायालय त्याच्याविरुद्ध निकाल देऊ शकतं का? वर्तमानपत्र छापू शकतं का? पुढची निवडणूक वेळेवर होणार का?

हिटलर जानेवारी १९३३मध्ये कायदेशीर मार्गाने चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये संसदेनेच कायदे करायचा अधिकार त्याच्या सरकारला देऊन टाकला. तो हुकूमशहा झाला तो या मधल्या आठवड्यांत, खुर्चीवर बसल्यानंतर.

आपल्याकडे २५ जून १९७५ला आणीबाणी आली ती २१ मार्च १९७७पर्यंत राहिली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला, विरोधक तुरुंगात गेले. त्या काळाला हुकूमशाही म्हणावं की नाही यावर आजही वाद होतो. म्हणणारे त्या महिन्यांकडे बोट दाखवतात, न म्हणणारे शेवटी निवडणूक झाली आणि सत्ता बदलली याकडे. दोघंही वरच्याच कसोट्या लावत असतात. त्याच १९७५मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी.

हा धोका राजकारणातल्या माणसांनाही कळलेला होता. १९३७मध्ये 'चाणक्य' या टोपणनावाने एका लेखकाने लिहिलं की जवाहरलाल नेहरूंपासून सावध राहा, जरा वळण मिळालं तर हा माणूस हुकूमशहा होऊ शकतो. तो लेखक खुद्द नेहरू होते. आणि २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हुकूमशहा या शब्दाची जबाबदारी त्यांनी खुर्चीवरच्या माणसाइतकीच खाली हात जोडून उभ्या असलेल्यांवरही टाकली.

१६. 'चांगला हुकूमशहा' असू शकतो का? हे शब्द एकमेकांना छेद देत नाहीत का?

शब्द म्हणून छेद देत नाहीत. हुकूमशहा हा खुर्चीबद्दलचा शब्द असल्यामुळे (प्रश्न ४) 'हितकारी हुकूमशहा' अर्थाच्या दृष्टीने जुळतो. 'दयाळू जुलमी' मात्र जुळत नाही, तिथे वाक्यच मोडतं.

पण 'या देशाला एक चांगला हुकूमशहा हवा' असं कुणी म्हणतं तेव्हा मी एकच विचारते: तो चांगला राहिला नाही तर त्याला काढणार कोण? याचं उत्तर असेल तर तो हुकूमशहा नाही. उत्तर नसेल तर त्याचा चांगुलपणा ही आपल्याला मिळालेली भीक आहे.

१७. राष्ट्रगीतातला 'अधिनायक' म्हणजे हुकूमशहा का?

नाही. दर ऑगस्टला कुणीतरी हा प्रश्न घाबरून विचारतं. हिंदीत राज्यशास्त्राच्या पुस्तकांत हुकूमशाहीला 'अधिनायकतंत्र' म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. रवींद्रनाथांचं गीत २७ डिसेंबर १९११ला कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं. त्यातला अधिनायक लोकांच्या मनांना नेणारा, भारताचा भाग्यविधाता आहे. मराठीत अधिनायक हा शब्द हुकूमशहासाठी वापरतच नाहीत, म्हणून निदान आपण तरी निश्चिंत असावं.

१८. कडक आणि जुलमी यांची सीमा कुठे?

नियम करणारा स्वतः त्या नियमात बसतो का, ते पाहा. करडी शिस्त सगळ्यांना सारखी लागते आणि तिचं कारण सांगता येतं. जुलमाचं कारण विचारलं की ते विचारणंच गुन्हा ठरतं. खमक्या अधिकारी, कडक मास्तर, करारी आई यांना जुलमी म्हणण्याआधी एवढं तपासावं.

१९. बातमीत किंवा लेखात 'जुलमी' कधी टाळावा?

जेव्हा काय घडलं ते सांगता येत असेल तेव्हा. 'जुलमी राजवटीने लोकांना छळलं' यापेक्षा 'रात्री घरात शिरून माणसं नेली' हे वाक्य दसपट बोलतं.

१८९७ला पुण्यात प्लेगच्या काळात सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, घराघरांत शिरत होते, सामान बाहेर काढत होते. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या आणि सरकारने साऱ्या पुण्यावर डोळे वटारले. टिळकांनी तेव्हा 'केसरी'त विचारलं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' आणि पुढच्याच आठवड्यात लिहिलं, 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे.' या दोन्ही मथळ्यांत जुलूम हा शब्द नाही. सव्वाशे वर्षं झाली तरी लोकांना ते पाठ आहेत.

२०. मग लावणीत 'जुलमी डोळे' आणि बोलण्यात 'जुलमाचा रामराम' कसे काय येतात?

लावणीत सत्ता रूपाची आहे. पाहणाऱ्याला सुटका नाही आणि त्याला ती नकोही आहे. प्रश्न १मधली सुटकेची अट इथे लाडाने उलटी केली आहे, म्हणून शब्द गोड लागतो. हिंदी-उर्दू शायरीत जालिम हेच काम करतो.

'जुलमाचा रामराम' म्हणजे मनात नसताना करावा लागलेला नमस्कार. वाटेत समोरून वजनदार माणूस येतो, पाय थांबतात, हात जोडले जातात, तोंडातून 'रामराम' निघतो आणि डोळे खाली असतात. तो पुढे गेला की पाय पुन्हा चालू लागतात.